शाळेतला युद्धांचा इतिहास : पालक आणि नवे शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवते आहे. पालकसभेत सगळे गणित आणि इंग्रजीवर तुटून पडतात. इतिहासाचं कुणी विचारलंच तर सभा संपल्यावर, दारात चपला घालता घालता. "बाई, एक विचारू का?" अशी सुरुवात झाली की प्रश्न कुठल्या तरी लढाईचा असणार, हे आता मला चेहऱ्यावरूनच कळतं. दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. मी लिहिते आहे ते राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाबद्दल. माझी मतं मध्येमध्ये डोकावतील, ती माझीच समजा.

कोणत्या इयत्तेत कोणती युद्धं येतात?

मी शिकवत आले त्या पुस्तकांप्रमाणे असं : चौथीत परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे पूर्ण शिवचरित्र. प्रतापगड, पावनखिंड, लाल महाल, सिंहगड सगळं तिथे. सातवीत तोच काळ पुन्हा येतो, पण पट मोठा होतो आणि गाडी पानिपत ओलांडून मराठी सत्तेच्या अखेरीपर्यंत जाते. आठवीत इंग्रज, १८५७, क्रांतिकारक, गोवामुक्ती. नववीत १९६० नंतरचा भारत, म्हणून १९६२, १९६५ आणि १९७१. त्याच पुस्तकात राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यात दोन्ही महायुद्धं आणि शीतयुद्ध थोडक्यात उरकलेली. बारावीला कला शाखेत इतिहास घेतला तर महायुद्धांवर स्वतंत्र प्रकरण भेटतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. तेव्हा थोरल्याचं पुस्तक धाकट्याला चालेल असं धरून बसू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते.

दहावीच्या इतिहासात लढाया का नाहीत?

कारण दहावीला इतिहास कसा लिहितात ते शिकवतात. व्हॉल्तेअर, रांके, मार्क्स, मग बखरी, संग्रहालयं, पर्यटन, खेळ. मुलं वैतागतात. माझ्या मते कल्पना चांगली, मुहूर्त चुकला. बखर आणि पत्र यांतला फरक सातवीत पानिपताच्या शेजारी ठेवला असता तर मुलांनी तो हाताने चाचपून पाहिला असता. दहावीत चाळीस मार्कांच्या पेपरात त्याची "टीप लिहा" होते.

चौथीच्या लेकराला कोथळा काढल्याची गोष्ट सांगणं बरोबर आहे का?

हा प्रश्न बहुतेक आयांचा. नऊ वर्षांच्या मुलाला त्या गोष्टीत रक्त दिसत नाही, धाडस दिसतं. तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे जे येतं ते त्याच्यापुढे येत नसतं. तरी मी चौथीच्या शिक्षकांना एवढंच सांगते की वाघनख्यांवर पाच मिनिटं घालवलीत तर जावळीच्या जंगलावर पंधरा घालवा. अफजलखान एवढं मोठं सैन्य घेऊन निघाला तो थेट प्रतापगडाच्या पायथ्याला का आला? मोकळ्या मैदानावर गाठ पडली असती तर काय झालं असतं? मुलांना हे फार आवडतं. दिवाळीत मातीचा किल्ला करणारं पोर घाट, दरी, चढण चटकन समजतं.

संभाजीमहाराजांच्या अखेरच्या दिवसांचं मात्र वेगळं आहे. छळाचे तपशील लहान वर्गात सांगू नयेत असं मला वाटतं. मोठ्या वर्गात सांगताना त्यानंतरची अठरा वर्षंही सांगावीत : राजाराममहाराज जिंजीला गेले, संताजी-धनाजी लढत राहिले, ताराबाईंनी कारभार हातात घेतला आणि औरंगजेब १७०७ मध्ये दख्खनेतच वारला. तो भाग पोरांना फारच कमी येतो.

घोरपडीची गोष्ट खरी की खोटी?

दरवर्षी विचारतात, आणि विचारणारी मुलं नसतात, बापच असतात.

तानाजींनी कड्यावर दोर चढवायला घोरपड वापरली म्हणतात, ती येते पोवाड्यातून. पोवाडा रचणारा शाहीर ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आणायला उभा असतो. तो हिशेबनीस नव्हे. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर लढताना पडले, याबद्दल वाद नाही. "गड आला पण सिंह गेला" म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असं आपण घोकलं, पण सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही सापडतं. हे मी सातवीत सांगते तेव्हा वर्ग हिरमुसतो. मग विचारते, घोरपड काढून घेतली तर तानाजी कमी शूर ठरतो का? उभा कडा, अंधार आणि दोर तर तसाच आहे. एका मुलीने एकदा उत्तर दिलं, "बाई, घोरपडीशिवाय जास्त अवघड आहे."

पानिपतासारखा पराभव मुलांना कशाला शिकवायचा? त्यांचं मनोबल खचत नाही का?

शाळेत नाही शिकवलं तरी आपली भाषा शिकवतेच. "विश्वास? तो तर पानिपतात गेला" असं आजीच्या तोंडून ऐकलेलं पोर विचारणारच की हा विश्वास कोण. भाऊगर्दी हा शब्द तिथलाच. परीक्षेत नापास झालेला मुलगाही "माझं पानिपत झालं" म्हणतो.

पहिली काही वर्षं मी पानिपत अगदी वाईट शिकवलं, हे कबूल करते. पाच कारणं, चार परिणाम, १४ जानेवारी १७६१, मेलेल्यांचा आकडा, गृहपाठ. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, एवढी माणसं तिथं जेवत काय होती?" वर्ग हसला. मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. छावणीत एक लाख माणसं धरू. माणशी रोज अर्धा किलो धान्य. झालं पन्नास हजार किलो, म्हणजे पन्नास टन. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलो धरलं तर रोज चारशे बैल, तेही नुसत्या माणसांच्या पोटाला. घोड्यांचा दाणा, बैलांचा चारा वेगळा. हे धान्य आणणार कोण? बंजाऱ्यांचे तांडे. कुठल्या वाटेने? आणि ती वाट अब्दालीने अडवली तर? मुलं एकदम गप्प झाली. दोन्ही फौजा समोरासमोर अडीच महिने बसून होत्या, हे वाक्य पुस्तकात वाचणं निराळं आणि चारशे बैल रोज, असं अडीच महिने मोजणं निराळं.

त्या तासाला एक शब्द वर्गात शिरला तो कायमचा : बुणगे. फौजेबरोबर चालणारी, न लढणारी माणसं. स्वयंपाकी, मोतद्दार, हमाल, व्यापारी, बायका, मुलं, आणि फौजेच्या आधाराने काशी-प्रयाग करून घेऊ म्हणून निघालेले यात्रेकरू. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. ते त्या गर्दीतून जिवानिशी निसटले, बायकोही वाचली, पण बरोबर आलेली आई तिथेच हरवली. त्यांनी पुढे स्वतःबद्दल लिहिलं त्यात हे आहे. मुलांना नाना माहीत असतात ते बारभाईचे, शहाणपणाचे. आई हरवलेला पोरगा म्हणून ते कुणाला ठाऊक नसतात.

आणखी दोन गोष्टी मी सोडत नाही. एक, पानिपताची बातमी कळवणारं ते सावकारी भाषेतलं पत्र : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मुलांना फोड करायला सांगते. मोती कोण? मोहरा कोण? खुर्दा म्हणजे सुटी चिल्लर, हे समजावून सांगावं लागतं, आणि मग बुणगे कुठे मोजले गेले ते त्यांचं त्यांना दिसतं. दुसरी, काशीराज पंडित. हा दख्खनी माणूस अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या नोकरीत, म्हणजे समोरच्या छावणीत होता आणि त्याने जे पाहिलं ते फारसीत लिहून ठेवलं. मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी आणि अब्दालीच्या बाजूच्या तंबूत काशीराज. "मग आपला कोण?" हा प्रश्न वर्गातून आपोआप येतो.

मनोबलाचं म्हणाल तर या धड्यानंतर कुणी खचलेलं मी पाहिलं नाही. डबा टाकून देणारी दोन पोरं आठवडाभर डबा संपवत होती, इतकंच.

मुलीची बंगाली मैत्रीण म्हणाली, मराठे लुटारू होते. आम्ही काय सांगायचं?

पुण्यात सोसायटीत राहणाऱ्या माझ्या भाचीने हा प्रश्न फोनवर विचारला तेव्हा ती चांगलीच तापली होती. मैत्रीण खोटं बोलत नव्हती. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, वसूल करायची होती, आणि वसुली म्हणजे गावं जळणं, धान्य जाणं हे सगळं त्यात आलं. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा डिच. पुढे १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली तेव्हा हे थांबलं.

बंगालीत आजही एक अंगाई आहे. बाळ झोपलं, पाडा निजला, बर्गी आले, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरू, अशा अर्थाची. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. आपल्या पुस्तकात बारगीर हा साधा नोकरीचा शब्द आहे : सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. दोन मार्कांना विचारतात. तोच शब्द हजारभर मैलांवर मुलांना झोपवताना बागुलबुवा झाला.

या मोहिमांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर. अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये त्याला बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि तिथेच मारलं. हे सांगितलं की वर्गातलं कुणी तरी म्हणतंच, "म्हणजे अफजलखानासारखंच!" मग पाच मिनिटं गोंधळ. कोण कुणासारखं? बोलावलं कुणी, दगा कुणी केला, आणि हे सांगतंय कोण? हा गोंधळ मी मिटवत नाही. तास संपतो तशीच मुलं वाद घालत मैदानावर जातात.

आपलं पुस्तक या दहा वर्षांना "मराठी सत्तेचा विस्तार" म्हणतं आणि पुढे सरकतं. भाचीला मी सांगितलं, मैत्रिणीला ती अंगाई म्हणून दाखवायला सांग, आणि तिला बारगीर म्हणजे काय ते तू सांग.

वर्गात मुसलमान मुलं आहेत. त्यांच्यासमोर हा इतिहास कसा शिकवता?

जसा आहे तसा. मुघलांकडून पुरंदरला आलेला सेनापती मिर्झाराजे जयसिंग, महाराजांच्या आरमारावर दौलतखान, दप्तरात काझी हैदर. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. ही नावं पुराव्याची आहेत, मुसलमान मुलांची समजूत काढायला शोधून काढलेली नव्हेत. "ते" आणि "आपण" असे शब्द शिक्षकाने जिभेवर येऊ देऊ नयेत. आदिलशाही म्हणावं, मुघल म्हणावं, स्वराज्य म्हणावं.

खरी अडचण वर्गात येत नाही, गॅदरिंगला येते. एकदा एक वडील दारात थांबून हळूच म्हणाले, "बाई, आमच्या पोराला तेवढं खान करू नका. मागच्या शाळेत दोन वर्षं त्यालाच केला." तेव्हापासून आमच्याकडे पात्रांच्या चिठ्ठ्या टाकतात. नंतरच्या वर्षी खानाची चिठ्ठी पाटलांच्या मुलाला आली. उंचीमुळे त्याला शोभलाही.

कोरेगाव भीमाबद्दल शाळेने बोलावं का?

मूल एक जानेवारीला घरच्यांबरोबर विजयस्तंभाला जाऊन येतं आणि दोन तारखेला वर्गात बसतं. शाळेने तोंड शिवून बसणं म्हणजे त्या मुलाला तू गेलासच नाहीस असं सांगणं.

मी दोन प्रश्न वेगळे ठेवते. पहिला लढाईचा : १ जानेवारी १८१८ ला दिवसभर गावात काय झालं? कंपनीची छोटी तुकडी, दुसऱ्या बाजीरावाची कितीतरी मोठी फौज, गल्लीगल्लीतली झुंज, रात्री तुकडी शिरूरकडे परतली आणि पेशवा पुढे निघून गेला. दोन्ही बाजूंना अनेक जातींचे, धर्मांचे लोक होते. दुसरा प्रश्न स्तंभाचा : कंपनीने आपल्या कौतुकासाठी उभारलेल्या दगडावरची "नाक" ने संपणारी महार शिपायांची नावं शंभर वर्षांनी कुणाला आपली वाटली आणि का? बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते कशासाठी? ज्यांच्या पूर्वजांचं नाव कुठल्याच दगडावर नव्हतं त्यांना ते तिथे सापडलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन दुसरा उडवून लावता येत नाही. घरी वाद झाला तरी चालेल, वर्गात आवाज चढू द्यायचा नाही.

१८५७ ला बंड म्हणायचं, उठाव की स्वातंत्र्ययुद्ध?

पेपरात पुस्तकातला शब्द लिहा. वर्गात मात्र तिन्ही फळ्यावर लिहून प्रत्येक शब्द कुणाच्या सोयीचा ते विचारा. जुन्या मराठीत शिपाईगर्दी हाही शब्द आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि झाशी पडताना तिथेच अडकले; त्यांच्या "माझा प्रवास" मधली दोन-चार पानं नववीला वाचून दाखवा. लक्ष्मीबाई घोड्यावर दिसतात ती झाशी सगळ्यांना माहीत आहे, घरात लपून बसलेल्यांची झाशी तिथे सापडते.

लढाईचा नकाशा काढून झाला, तासाला वीस मिनिटं उरली. काय करू? (नव्या शिक्षकांचा प्रश्न)

शिवाजीमहाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र वाचा. राज्याभिषेकाच्या आगेमागे, पावसाळ्याच्या तोंडावर घोडदळ तिथे होतं. पत्रात तलवार नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरातून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी लाकूड, कुणी भाजी आणायला लागाल. लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि पुढे आगीची काळजी : गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल, आणि एका ठिणगीने सगळी वैरण जळेल.

मूळ पत्रातली भाषा अवघड आहे, पण उंदरापाशी आले की सगळा वर्ग समजतो. स्वाध्याय एकच : या पत्रातून छावणीचं चित्र काढा. दरवर्षी तीसेक उंदीर काढून येतात.

युरोपातल्या महायुद्धांशी आपल्या पोरांचा काय संबंध?

गावच्या भिंती बघा आधी. आपल्या बाजूच्या कितीतरी गावांत चावडीवर, देवळाच्या आवारात किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे : या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आठवीच्या मुलांना घेऊन मी शेजारच्या एका गावात गेले होते. पाटी पाण्याच्या टाकीमागे होती आणि तिच्यावर दोनदा डिस्टेंपर चढलेला. मुलांनी ओल्या फडक्याने घासून अक्षरं काढली. पहिला प्रश्न आला, "बाई, युद्ध तर १९१८ ला संपलं ना? ही चूक आहे का?" चूक नव्हती, गोळीबार नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबला, पण व्हर्सायचा तह १९१९ च्या जूनमध्ये झाला, म्हणून पाटीवर तेच साल. दुसरा प्रश्न माझ्याने लगेच सुटला नाही : "नावं कुठायत?" पाटीवर फक्त आकडे होते.

टाकीवर हंडा भरायला आलेल्या एक म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, आमचे आजेसासरे बसऱ्याला गेले होते. बसरा म्हणजे आजचं इराक, तेव्हाचं मेसोपोटेमिया. मराठा पलटणी तिथे लढल्या; तिथल्याच कूत शहराच्या वेढ्यात उपासमार होऊन एप्रिल १९१६ मध्ये शरण आलेल्या फौजेतही होत्या. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली आणि सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावं होती आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणीखाली नुसते आकडे. कॉमनवेल्थच्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावावर अहवाल काढून माफी मागितली. आयोगाच्या संकेतस्थळावर आता नावं शोधता येतात. आमच्या मुलांनी संगणक कक्षात बसून शोधली. आडनावांची स्पेलिंगं इतकी अजब की निम्मा तास त्यातच गेला.

दुसऱ्या महायुद्धाला तर फार लांब जायलाच नको. कोल्हापूरजवळ वळिवडे गावात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेलं फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. आग विझवायला गेलेले अनेक जवान मारले गेले, म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन दिन. माणगावच्या बाजूचे यशवंत घाडगे इटलीत १९४४ मध्ये लढताना पडले, नगरकडचे नामदेव जाधव १९४५ मध्ये तिथेच लढून जिवंत परतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. इटली नकाशावर दाखवायची ती या दोघांचं बोट धरून.

पुण्याच्या शाळांना खडकीचं युद्ध कब्रस्तान आहे. पालक म्हणतात, सहलीला स्मशानात कशाला? तिथे गेलेली मुलं कबरींवरची वयं वाचत फिरतात. कुणी सांगावं लागत नाही.

गोव्याच्या शाळेत आणि पोर्तुगालच्या शाळेत १९६१ सारखंच शिकवतात का?

कसं शिकवतील? आपण मुक्ती म्हणतो, पोर्तुगालमध्ये ते बराच काळ आक्रमण होतं. १९ डिसेंबर १९६१ ला तिथल्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारचा हुकूम होता आणि तो न पाळल्याबद्दल परत गेल्यावर त्याला लष्करातून काढलं. मुलांना विचारते, या माणसाने बरोबर केलं की चूक? गोव्यातली वाचलेली घरं आणि देवळं-चर्च डोळ्यांपुढे आणून बहुतेक जण बरोबर म्हणतात. मात्र गोवा शेवटच्या दोन दिवसांत संपवू नये. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला सत्याग्रही गोळ्यांना सामोरे गेले, त्यांत इथून गेलेलेही होते.

मुलाचे वडील सैन्यात आहेत. १९७१ किंवा कारगिल शिकवताना त्याला उभं करून बोलायला लावावं का?

नाही. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुलं असतात. स्वतःहून बोललं तर ऐका. टाळ्या वाजवायला लावू नका. पोस्टिंग कुठे आहे हे तर विचारूच नका.

सिनेमात दाखवलेलं पुस्तकात का नाही?

कारण सिनेमाला दिवाळीतल्या फटाक्यासारखं वाजायचं असतं. सिनेमा बघू नका असं मी कधीच म्हणत नाही, म्हटलं तरी ऐकणार कोण. दुसऱ्या दिवशी एकच विचारते : तंबूत दोघेच होते, मग ते काय बोलले हे लिहून कुणी घेतलं? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मुलं माझ्या आधी विचारायला लागली आहेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या "दडवलेल्या इतिहासा"लाही तीच चाचणी लावा. पालकांनी आधी लावावी.

आम्ही जर्मनीत आहोत. इथल्या शाळेत मुलाला युद्धाचं फार दाखवतात, थोडं घाबरायला होतं.

तिथे प्रत्येक राज्याचा अभ्यासक्रम वेगळा, पण वरच्या वर्गातल्या मुलांना जुन्या छळछावण्यांच्या जागी नेणं सर्रास आहे. आपल्याच आजोबांच्या पिढीने काय केलं ते शाळेने दाखवायचं, ही गोष्ट आपल्याला सवयीची नाही. जर्मनी आणि फ्रान्सने तर एकत्र बसून इतिहासाचं एकच पुस्तक केलं, त्याचा पहिला भाग २००६ मध्ये आला. भारत-पाकिस्तानचं असं पुस्तक कल्पून बघा, मग त्याची किंमत कळेल. मुलगा सहलीहून आला की लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नका. जेवू द्या, झोपू द्या. आणि सुट्टीत इकडे आलात की त्याला बर्गींची अंगाईही सांगा. त्याला दुसऱ्यांच्याच पापांचा इतिहास ठाऊक असू नये.

तारखा पाठच होत नाहीत. मार्क कसे मिळणार?

पाच तारखा घट्ट धरा, बाकीच्या त्यांच्या आधी की नंतर एवढं सांगता आलं तरी पुरे. "कारणे द्या" मध्ये मार्क तारखेला नसतात. गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलेलं तपासणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतं.

घरात आजोबांची पदकं आणि जुनी कागदपत्रं आहेत. शाळेला देऊ का?

मूळ वस्तू देऊ नका. प्रदर्शन संपल्यावर खोक्यातून काय परत येईल त्याची मी खात्री देणार नाही. फोटो काढून द्या. पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रं असतील तर पदकापेक्षा ती आधी दाखवा. आणि पदक उलटंसुलटं न बघता त्याची कड बघा. बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, त्यावरून पुढचा माग निघतो. चिंचेने घासून चकचकीत करू नका, ती अक्षरं झिजतात.